लाख अंडी, दोन वारस

वडूजपासून समुद्र दूर. मासळी इथे घाट चढून, बर्फात पुरून येते. तरी पावसाच्या तोंडावर आलेला बांगडा घरी साफ करताना पोटातून गाभोळी निघाली की एक प्रश्न हटकून येतो, आणि तो बहुधा लहान मुलंच विचारतात : एका मासळीच्या पोटात एवढी अंडी, मग समुद्र माशांनी भरून का जात नाही?

त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो. बांगड्याच्या पोटात अंडी हजारोंनी असतात, मुशीच्या पोटात मात्र दहा-बारा तयार पिल्लं सापडतात. शिंगाळ्याची अंडी तर आईने घातल्यावर बापाच्या तोंडात वाढतात. राहतात सगळे एकाच अरबी समुद्रात. मग वंश चालवण्याच्या रीती इतक्या वेगळ्या का?

१. दोनाचा हिशेब

समजा, एक मादी वर्षाला एक लाख अंडी घालते आणि तीन वर्षं घालते. आयुष्यभरात तीन लाख. आता त्या जातीच्या माशांची संख्या पिढ्यान् पिढ्या साधारण तेवढीच राहायची असेल, तर या तीन लाखांतून किती पिल्लं मोठी होऊन पुन्हा वीण घालायला उरली पाहिजेत? फक्त दोन. एक आईच्या जागी, एक बापाच्या जागी. बाकीची २,९९,९९८ कुणाच्या तरी पोटात जातात, उपाशी मरतात किंवा प्रवाहाबरोबर भलतीकडे वाहून जातात.

दोनाऐवजी तीन उरली तर? दर पिढीला संख्या दीडपट. हजार मासे असतील तर दहा पिढ्यांनी ५७ हजारांवर आणि वीस पिढ्यांनी ३३ लाखांवर जातील. दोनाऐवजी एकच उरलं, तर त्याच हजार माशांतून दहा पिढ्यांनी जेमतेम एक उरेल. समुद्र भरूनही जात नाही आणि रिकामाही होत नाही, कारण सरासरी त्या दोनाच्या आसपास घुटमळत राहते. वाढ झाली की अन्न अपुरं पडतं, खाणारे वाढतात, रोग पसरतात. घट झाली की उरलेल्यांना मोकळीक मिळते.

म्हणून अंडी किती, हा अर्धाच प्रश्न झाला. मृत्यू कोणत्या वयात गाठतो, हा दुसरा अर्धा. आईकडे अन्नातून मिळालेली ताकद मोजकी असते. ती लाख बारीक अंड्यांत वाटायची, की दहा मोठ्या पिल्लांत घालायची? मासा अर्थातच हे बसून ठरवत नाही. ज्या आयांची रीत त्या परिस्थितीत जास्त वारस मागे ठेवते, त्यांच्या लेकींमध्ये तीच रीत उतरते. हजारो पिढ्या हे घडत गेलं की ती त्या जातीची रीत होते. उत्क्रांती म्हणतात ती हीच, आणि या प्रकरणात पुढे ‘का’ म्हटलं की त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा.

२. फोकणी की टोकण

खटाव-माणच्या शेतकऱ्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही. काही बी आपण मुठीने फोकतो आणि काही एकेक दाणा बोटाने टोकतो. फोकलेल्यात पाखरं खातात, काही दगडावर पडतं, काही उगवत नाही. पण बी हलकं आणि भरपूर असतं, म्हणून चालतं. टोकलेल्या दाण्यामागे कष्ट असतात, म्हणून तो वाया जाऊन चालत नाही.

बांगडा, तारली, सुरमई, पापलेट ही सगळी फोकणारी मंडळी. त्यांचं अंडं एक मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या सूर्यमाशाच्या, म्हणजे मोलाच्या, एका मादीत तीस कोटी अंडी असतात असा अंदाज आहे. कणा असलेल्या प्राण्यांत हा सर्वांत मोठा आकडा मानला जातो.

अंडी इतकी बारीक का? उघड्या समुद्रात घरटं करायला जागा नाही, आडोसा नाही. तिथे अंडं दुप्पट मोठं केलं तरी ते गिळणारं तोंड बहुधा तेच राहतं. मोठेपणाचा खर्च वाढतो, बचाव वाढत नाही. शिवाय समुद्रातलं अन्न सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती आणि त्यांच्यावर जगणारे बारीक प्राणी, ज्यांना एकत्रितपणे प्लवक म्हणतात, ते कुठे दाट असतात, कुठे विरळ. कोणत्या जागी दाट असतील हे आईला आधी कळत नाही. अंडी दूरवर विखुरली, तर काही तरी नेमक्या जागी पोचतात.

ही नेमकी जागा आणि वेळ किती महत्त्वाची, हे नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी १९१४ साली दाखवलं. हेरिंग माशांच्या खवल्यांवरच्या वलयांवरून त्यांनी माशांची वयं मोजली. नॉर्वेच्या जाळ्यांत कितीतरी वर्षं येणारी हेरिंग मुख्यतः एकाच साली, १९०४ मध्ये, जन्मलेली निघाली. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतही आयांनी अंडी घातली होतीच, पण त्यांतून फारसं काही उरलं नव्हतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाजवळची शिदोरी काही दिवसांत संपते. त्याच सुमारास भोवती प्लवक असलं तर पिल्लू जगतं. योर्ट यांचा अंदाज असा, आणि आजचे मत्स्यशास्त्रज्ञ त्यावर अजून काम करतात.

आपल्या किनाऱ्यावर हे वेळेचं गणित पावसाळ्याशी बांधलेलं आहे. नैर्ऋत्य वाऱ्यांनी समुद्र घुसळला जातो, खालचं खतासारखं पाणी वर येतं, नद्या गाळ आणतात आणि प्लवक फोफावतं. बांगडा आणि तारली याच सुमारास वीण घालतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद ठेवण्याची रीत यामुळेच आहे. कोळी समाज तर पूर्वीपासून नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊनच होड्या पाण्यात लोटत आला. खवळलेल्या समुद्राची भीती त्यामागे होतीच, पण त्या विश्रांतीचा लाभ माशांनाही मिळत होता.

३. पाण्यात भेट कशी होते

फोकण्यात एक अडचण आहे. नराचं बीज पाण्यात सुटलं की क्षणात पातळ होतं. अंड्याशी त्याची गाठ पडायची तर दोघांनी एकाच वेळी, एकाच जागी ते सोडायला हवं. म्हणून मासे विणीला थवे करतात.

ज्यांना हलताच येत नाही त्यांनी काय करावं? मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत. ते दगडाला चिकटून राहतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांना दिसलं की वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या काही मोजक्या रात्री शेकडो मैलांवरचे, कितीतरी जातींचे प्रवाळ बरोबरीने अंडी आणि बीज सोडतात. पाण्याची ऊब महिना ठरवते, चंद्र रात्र ठरवतो, अंधार तास ठरवतो. एकाच रात्री एवढं सुटतं की खाणारे खाऊन खाऊन दमतात आणि तरी भरपूर उरतं.

होडीच्या तळाला चिकटणाऱ्या पांढऱ्या, टोकदार बार्नॅकलनी वेगळा मार्ग काढला. प्रत्येक बार्नॅकल नरही असतो आणि मादीही, त्यामुळे शेजारी कुणीही असलं तरी जोडी जमते. शेजाऱ्यापर्यंत पोचण्यासाठी शरीराच्या मानाने प्राणिसृष्टीतलं सर्वांत लांब जननेंद्रिय त्यांच्याकडे आहे. चार्ल्स डार्विनने आयुष्याची आठ वर्षं या जीवांच्या अभ्यासाला दिली.

४. शिंगाळ्याचा बाप

टोकण करणाऱ्यांत मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो शिंगाळा. काट्यांमुळे आणि मिशांमुळे लोक त्याच्याकडे जरा नाक मुरडून बघतात. पण बापपणात त्याची बरोबरी करणारा मासा आपल्या किनाऱ्यावर क्वचितच सापडेल.

शिंगाळ्याची मादी अंडी घालते ती मोजकीच, काही डझन. एकेक अंडं एक ते दीड सेंटिमीटरचं. मादी अंडी सोडते आणि नर ती तोंडात घेतो. अंडी फुटून पिल्लांची पोटाखालची शिदोरी संपेपर्यंत, कित्येक आठवडे, तो ती तोंडातच वागवतो. ताजं पाणी कल्ल्यांतून खेळवत राहतो. या काळात तो जवळजवळ काही खात नाही आणि खंगत जातो.

हे काम बापाकडे का आलं असावं? मोठी अंडी तयार करण्यात मादीची ताकद खर्च होते. ती पुन्हा भरून काढायला तिला खायला मोकळं राहावं लागतं. बहुतेक माशांत फलन शरीराबाहेर होतं, म्हणजे अंडी सुटतात त्या क्षणी बाप तिथेच हजर असतो. माशांत राखण करणारे बहुतेक बापच असतात, त्यामागे ही दोन्ही कारणं सांगतात. समुद्री घोड्यात तर नराच्या पोटावर पिशवीच असते. मादी अंडी त्यात सोडते आणि पिल्लांना जन्म नर देतो.

पण टोकणीची रीत एका ठिकाणी फार नाजूक आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. ही जाळी पूर्ण थव्याला वेढा घालून तळाशी आवळली जातात. विणीनंतर अंडी तोंडात धरलेले शिंगाळ्याचे नर थव्याने फिरत असतात. ते थवेच्या थवे जाळ्यात आले. जाळ्यात धडपडताना नर तोंडातली अंडी सोडून देतो. टनावारी अंडी आणि अर्धवट वाढलेली पिल्लं अशी नष्ट झाल्याची नोंद केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच केली होती, आणि इशाराही दिला होता. पुढच्या काही वर्षांत पश्चिम किनाऱ्यावरचा शिंगाळा पार घटला. बांगड्याचा थवा असा उचलला गेला तर चांगल्या एका पावसाळ्यात तो बराच भरून निघू शकतो. शिंगाळ्याचा भरत नाही, कारण एका बापाबरोबर त्या वर्षाची सगळी पिल्लं जातात.

५. मुशीच्या पोटातली नाळ

मुशी आणि वागळी यांनी आणखी पुढची वाट धरली. यांच्यात फलन मादीच्या शरीरात होतं. मुंबई-रत्नागिरीच्या बाजारात येणारी, चपट्या फावड्यासारख्या नाकाची छोटी मुशी घ्या. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, म्हणजे बांगड्याच्या अंड्याएवढं. मुशीच्या मानाने ते फारच लहान. पण पुढे पिल्लाला शिदोरी अंड्यातून मिळत नाही, ती आईच्या रक्तातून नाळेवाटे मिळते. पाच-सहा महिन्यांनी सहा ते अठरा पिल्लं जन्मतात आणि जन्मताच शिकार करू लागतात.

सस्तन प्राण्यांशी मुशीचं जवळचं नातं नाही. नाळ दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली, कारण अडचण सारखी होती : पिल्लू लहान असतानाचे धोके इतके मोठे, की ते दिवस आईच्या पोटात काढलेले बरे. कोकणच्या किनाऱ्यालगत दिसणारे डॉल्फिन एका वेळी एकच पिल्लू देतात आणि ते महिनोन्‌महिने पाजतात. टोकणीचं हे शेवटचं टोक. ही रीत टिकते ती मोठ्या वयात मरण कमी असेल तोवरच. मोठ्या मुशीला समुद्रात पूर्वी फारसा शत्रू नव्हता.

६. वाळूत पुरलेली शंभर

ऑलिव्ह रिडले कासव फोकणी आणि टोकण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने आणि गावकऱ्यांच्या हातांनी या कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी दीड फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू दाबते आणि समुद्रात परतते. पिल्लांची आणि तिची पुन्हा गाठ पडत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. हजारातलं एखादं मोठं होतं असं मानतात.

आयुष्य समुद्रात काढणारा प्राणी अंड्यांसाठी किनाऱ्यावर का येतो? कासवाचे पूर्वज जमिनीवरचे सरपटणारे प्राणी होते. त्यांच्या कवचाच्या अंड्याला हवा लागते, पाण्यात आतला जीव गुदमरतो. समुद्रात परतलेल्या कासवाने पाय वल्ह्यांसारखे करून घेतले, पण अंडं बदललं नाही. उत्क्रांती नव्याने घर बांधत नाही, जुन्याचीच डागडुजी करते. या अंड्यात आणखी एक गोष्ट आहे : पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापलेली असली की माद्या अधिक. म्हणून तापत्या उन्हाळ्यांची चिंता कासवांच्या अभ्यासकांना जास्त वाटते.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला हजारो माद्या एकाच काळात वाळूवर चढतात. अंडी खाणारी कुत्री, कोल्हे, पक्षी पोट भरून थकतात. प्रवाळांची युक्तीच ही. कोकणात मात्र माद्या एकेकट्या येतात आणि घरटं सापडलं तर सगळंच जातं, म्हणून कुंपणाची राखण इथे मोलाची ठरली. दोन्ही किनाऱ्यांची कासवं पूर्ण वेगळी असावीत असं वाटत होतं. पण ओडिशात २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना दिसली. श्रीलंकेला वळसा घालून हा प्रवास सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा होतो. एकच किनारा धरून बसण्यापेक्षा दोन ठिकाणी घरटी केली, तर एखादं वर्ष एका किनाऱ्याला वाईट गेलं तरी वंश बुडत नाही. त्या मादीच्या प्रवासाचा अर्थ मी तरी असा लावतो.

७. आधी बाप, मग आई

अलिबाग-पेणच्या खारेपाटात पाहुण्याला जिताडा वाढणं हा मान समजला जातो. तिथे शेतातल्या तळ्यांत तो वाढवतात. हा जिताडा जन्माने नर असतो. काही वर्षं नर म्हणून जगून तो पुढे मादी होतो. त्यामुळे खूप मोठा जिताडा म्हणजे जवळजवळ नेहमीच मादी.

अमेरिकेचे मायकेल घिसेलिन यांनी १९६९ साली याचं सोपं स्पष्टीकरण दिलं. बीज बनवायला फारसा खर्च नाही, लहान शरीरही ते पुरेसं बनवतं. अंड्यांना मात्र पोटात जागा लागते. म्हणून लहानपणी नर आणि मोठेपणी मादी होण्यात जास्त वारस पदरी पडतात. गोबऱ्यासारख्या माशांत उलट घडतं. तिथे एक मोठा नर जागा अडवून अनेक माद्यांशी वीण घालतो. लहान नराच्या वाट्याला काहीच येत नाही, म्हणून आधी मादी आणि मोठं झाल्यावर नर.

याचा मासेमारीशी थेट संबंध आहे. मोठे मासे वेचून काढले, तर जिताड्यात आया संपतात आणि गोबऱ्यात बाप. आणि आई किती मोठी, यालाही फार महत्त्व आहे. २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की तीस किलोची एक कॉड मादी जेवढी अंडी देते, तेवढ्यासाठी दोन-दोन किलोच्या अठ्ठावीस माद्या लागतात. त्यांचं वजन छप्पन्न किलो भरतं, तरी गाभोळी एकीच्या बरोबरीचीच.

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले. त्याहून लहान मासा पकडू नये, असा नियम. त्याच वर्षी पापलेटला राज्याचा मासा म्हणून मान मिळाला. नियम चांगला आहे, एकदा तरी वीण घालण्याची संधी त्याने मिळते. पण तो फक्त खालची रेघ आखतो. मोठ्या माद्यांसाठी वरची रेघ आखणं मला तितकंच निकडीचं वाटतं.

८. एकदाच, आणि कृष्णेचा ईल

काही प्राणी सगळी ताकद एकाच विणीत ओततात आणि मरतात. म्हाकूळ साधारण वर्षभराचं आयुष्य असं संपवतं. कॅलिफोर्नियाजवळच्या खोल समुद्रात एक अष्टपाद मादी २००७ ते २०११ या काळात ५३ महिने अंड्यांवर बसून असल्याचं शास्त्रज्ञांनी पाहिलं. पुन्हा वीण घालायला जगण्याची शक्यताच कमी असेल, तर काही राखून ठेवण्यात लाभ नसतो.

अशी एकदाच वीण घालणारा एक प्राणी वडूजच्या पाण्याशी जोडलेला आहे. वडूजवरून वाहणारी येरळा सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते आणि कृष्णा तिथून हजार किलोमीटरहून अधिक वाट चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला. या कृष्णेच्या खोऱ्यात सापासारखा, मऊ कातडीचा, गोड्या पाण्यातला ईल राहतो. बाजारात येणारी काटेरी वाम निराळी. हा ईल नदीत वर्षानुवर्षं वाढतो, पण नदीत एकही अंडं घालत नाही. वय झालं की त्याचे डोळे मोठे होतात, अंग रुपेरी होतं, आतडं आक्रसतं, खाणं थांबतं आणि तो समुद्राकडे निघतो. हिंदी महासागरातल्या ईलची विणीची जागा सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला, खोल पाण्यावर असावी असं डेन्मार्कच्या ‘डाना’ मोहिमेत गोळा झालेल्या पिल्लांवरून अभ्यासकांनी मांडलं. तिथे वीण घालून आई-बाप मरतात. पानासारखी चपटी, पारदर्शक पिल्लं प्रवाहांबरोबर किनाऱ्याला लागतात आणि नदी चढू लागतात.

एवढा लांबचा फेरा कशासाठी? उष्ण प्रदेशात गोड्या पाण्यात अन्न समुद्राहून भरपूर, म्हणून पिल्लं वाढायला नदीत येतात. थंड प्रदेशात समुद्र जास्त सकस, म्हणून सामन नदीत जन्मून समुद्रात वाढायला जातो. वीण मात्र दोघेही पूर्वजांच्या पाण्यातच घालतात.

कृष्णेच्या वाटेवर आज अलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, पुलिचिंतला आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे. ईलचं पिल्लू ओल्या खडकावरून सरपटत चढू शकतं. युरोपात बंधाऱ्यांच्या कडेने त्याच्यासाठी ओले, खडबडीत उतार केले जातात. शंभर मीटरहून उंच भिंतीपुढे तो उपाय अपुरा पडतो. न्यूझीलंडमध्ये उंच धरणांच्या पायथ्याशी पिल्लं सापळ्यात धरतात आणि गाडीने वरच्या पाण्यात नेऊन सोडतात; समुद्राकडे निघालेले मोठे ईलही टर्बाइनमध्ये जाऊ नयेत म्हणून धरणाच्या वर पकडून खाली आणतात. कृष्णेत हे करायचं तर चढणाऱ्या पिल्लांसाठी पहिला सापळा विजयवाड्याला लागेल, आणि उतरणाऱ्या मोठ्यांसाठी अलमट्टीच्या वर.